फिरता सायलेन्सर

मनुष्यजातीच्या मुक्तीचा मार्ग टर्बोचार्जरमधून जातो, असे आमचे मित्र याउ वाइ-लुन यांचे ठाम मत आहे. वाया चाललेल्या धुराला अडवून त्याच्याकडूनच जास्तीची ताकद वसूल करण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने धर्मसंस्थापकांचे निम्मे काम हलके केले, असे ते दर रविवारी सकाळी ताइ मेइ तुकच्या धरणाजवळ सांगतात. सांगताना दुधाच्या चहाचा पेला गाडीच्या टपावर ठेवलेला असतो. तो सांडत नाही, कारण मुक्ती त्या वेळी उभी असते. गाडी ताशी अडीचशेने जाते, पण हाँगकाँगात तेवढ्या वेगाने कुणी निघालाच तर थोड्याच वेळात तो समुद्रात असेल. म्हणून ती मिनिबसच्या मागून ताशी चाळीसने येते, धरणाजवळ धापा टाकत थंड होते आणि जेवायच्या वेळेला परत जाते.

गाडी जपानहून आलेली, दोन दारांची, गेल्या शतकातली. वाइ-लुनची मुलगी होइ-लाम हिच्यापेक्षा वयाने मोठी आणि, बायको सुक-हानच्या म्हणण्याप्रमाणे, जास्त लाडात वाढलेली. श्युंग वानला सुक्या मासळीचे वडिलोपार्जित दुकान असलेल्या माणसाने अशी गाडी कशाला बाळगावी, असे सुक-हानने लग्नाच्या वर्षी एकदा विचारले होते. उत्तर अजून चालू आहे.

याच मॉडेलच्या गाड्या आमच्या मित्रमंडळात सात. सातवी माझी, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ती बहुतेक बंदच असते. या गोष्टीत माझा वाटा फक्त एका चौदा नंबरच्या पान्याचा.

आमच्याकडचा कायदा साधा आणि सुज्ञ आहे. जुन्या गाडीने दर वर्षी तपासणी केंद्रात हजर व्हावे, आपण कारखान्यातून निघालो तशाच आहोत हे दाखवावे, आणि मगच तिचा परवाना पुढे चालू व्हावा. अडचण एवढीच, की कारखान्यातून निघाली तशी ठेवायची असती तर ही गाडी आमच्यापैकी कुणी घेतलीच नसती. गाडी हातात आल्याआल्या सातही जणांनी मूळ सायलेन्सर काढून भंगारात दिला आणि त्या जागी डब्याएवढ्या तोंडाचा पाइप बसवला. त्याचा आवाज ऐकून बोगद्यातले लोक काचा वर घेतात आणि आम्ही आमच्या खाली घेतो.

पुढे तपासणी कडक झाली तेव्हा सगळे शहर धुंडाळून मूळ सायलेन्सर सापडला तो एकच. युन लाँगच्या एका भंगारवाल्याकडून तो आमचे मेकॅनिक फान शिफू यांनी मिळवला. क्वुन तोंगच्या गॅरेजचा जिना चढताना तो त्यांच्या हातून पडला आणि त्याच्या डाव्या कुशीला खोलगट खळी पडली. मग तो नुकत्याच रंगवलेल्या हिरव्या फाटकाला टेकवून ठेवला गेला, त्यामुळे त्याला हिरवा ठिपका लागला. बसवताना गाडीला अडकवायचा मागचा कान तुटला, तो शिफूंनी जोडला. ते वेल्डिंग कुणीतरी चघळून चिकटवल्यासारखे दिसते. पण सायलेन्सर मूळ होता. तेव्हापासून तो फिरतीवर आहे. ज्याची तपासणी त्याच्या गाडीला तो लागतो, गाडी मांजरीसारखी केंद्रात शिरते, शिक्का घेते, आणि बाहेर पडून पहिल्याच वळणावर माझ्या चौदा नंबरच्या पान्याने तो निघतो. वर्षभर सात गाड्या गर्जत असतात आणि कागदोपत्री सातही मूक असतात. यात कुणाचे काही बिघडत नव्हते.

बिघडले ते व्यवस्था आल्यावर. एकदा दोघांची तपासणी एकाच सकाळी आली आणि सायलेन्सरची दोन टोके धरून दोघे फाटकात उभे राहिले. तेव्हा हुई सर म्हणाले, “याला काही पद्धत हवी.” हुई सर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कोणत्या खात्यातून ते त्यांनी कधी सांगितले नाही, पण स्वतःच्या घरात शिरतानाही ते दारावर टकटक करून थांबतात. त्यांच्या अध्यक्षतेखाली मूळ सायलेन्सर विश्वस्त मंडळ स्थापन झाले. सरकारी लालफितीला कंटाळलेल्या आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवून त्याला मान्यता दिली.

मंडळाने पहिला ठराव केला की सायलेन्सर फक्त गरजूंना मिळावा. गरज म्हणजे गोंगाट. अर्जदाराची गाडी पुरेशी कर्कश आहे की नाही, याची मंडळ आधी चाचणी घेणार. जी गाडी जरा सौम्य वाजेल तिला ‘स्वावलंबी’ ठरवून परत पाठवले जाई, त्यामुळे मंडळाच्या चाचणीत पास होण्यासाठी सभासद आपापल्या गाड्या आणखी कर्कश करून आणू लागले. दुसरा ठराव असा की सायलेन्सर परत आल्यावर त्याची स्वतःची तपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत तो कुणालाही देऊ नये. तपासायला उपसमिती. उपसमितीच्या तीन सभासदांपैकी एकजण कायम व्हँकुव्हरला मुलाकडे.

याच सुमाराला होइ-लामचे लग्न ठरले.

होइ-लामला जन्मानंतर इस्पितळातून घरी आणले ते याच गाडीतून. पाच वर्षांची असताना तिने त्या गाडीच्या सीटवर उभे राहून जाहीर केले होते की नवरी होईन तेव्हा याच गाडीतून जाईन. मुले असली विधाने विसरतात. बापांना ती पाठ असतात. नवऱ्या मुलाकडे, म्हणजे यिक-फाइकडे, विजेवर चालणारी पांढरी गाडी होती, आणि त्याच्या आईच्या मते वधूला न्यायला तीच शोभणार होती.

“ती गाडी आहे की मोबाइल?” वाइ-लुन म्हणाला. “रात्रभर चार्जिंगला लावायची, सकाळी अपडेट करायची. माझी पोर तिच्यात बसणार नाही.”

“तुझ्या गाडीत तरी कुठे बसता येतं?” सुक-हान म्हणाली. “ओणवं व्हायचं आणि स्वतःला आत सोडून द्यायचं. घागऱ्यासकट ती आत गेली तर दार लागेल का?”

“बाबा, मला तीच गाडी हवी,” होइ-लाम म्हणाली. “फक्त परवान्याचं बघा. लग्नाच्या दिवशी पोलिसांनी अडवलं तर सासूबाई तो फोटो दिवाणखान्यात लावतील.”

मुहूर्त पंचांगातून काढलेला आणि मेजवानीचे सभागृह त्यावर पक्के झालेले, म्हणजे तारीख आता देवालाही हलवता येणार नव्हती. वाइ-लुनने मंडळाकडे अर्ज केला. कर्कशपणाच्या चाचणीत शेजारच्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले आणि एका म्हातारीने खिडकीतून बादलीभर पाणी ओतले. गरज निर्विवाद सिद्ध झाली. पण आधीच्या सभासदाकडून परत आलेला सायलेन्सर उपसमितीपुढे होता, आणि उपसमिती व्हँकुव्हरला. ती येईपर्यंत वाइ-लुनच्या गाडीचा परवाना संपला.

तो थेट हुई सरांच्या घरी गेला.

“सर, समिती आली ना? आता द्या.”

“देऊ की,” हुई सर म्हणाले. “परवाना बघू.”

“परवाना संपलाय, सर. म्हणून तर सायलेन्सर हवाय.”

“आ-लुन, परवाना नसलेल्या वाहनाला मंडळाची मालमत्ता जोडता येत नाही. नियम सहा. तूच अनुमोदन दिलं होतंस.”

“पण परवान्यासाठी सायलेन्सर लागतो!”

“तो तुझा आणि सरकारचा प्रश्न झाला. मंडळ त्यात पडत नाही.” मग ते जरा मायेने म्हणाले, “चहा घेणार? आतल्या खोलीत बसशील तर नाव नोंदवावं लागेल.”

वाइ-लुन दुकानात येऊन सुकवलेल्या शिंपल्यांच्या पोत्यावर बसून राहिला. दोन गिऱ्हाइके त्याला शोक झालाय असे समजून घासाघीस न करताच माल घेऊन गेली. त्याला तसाच राहू द्यावा, असे सुक-हानला क्षणभर वाटले. पण ती म्हणाली, “या शिंपल्या कुठून येतात रे?”

“जपानहून. होक्काइदोच्या सासाकींकडून. का?”

“आणि तुझी गाडी?”

वाइ-लुन पोत्यावरून उठला. शिंपल्या पाठवणाऱ्या सासाकींना त्याने फोन केला. सासाकींनी बंदरावरच्या भावाला विचारले, भावाने मेहुण्याला, आणि मेहुण्याला एका बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर खोक्यात सीलबंद, कधीही न वापरलेला, कारखान्याचा छाप असलेला मूळ सायलेन्सर सापडला. शिंपल्यांच्या पुढच्या खेपेत तो येऊन पोहोचला. त्याला समुद्राचा वास होता, पण तो इतका चकचकीत होता की फान शिफूंनी त्याला हात लावण्याआधी हात धुतले. आम्ही हे शिफूंना आयुष्यात पहिल्यांदा करताना पाहिले.

तपासणी केंद्रात गाडी ट्रकवर चढवून नेली. तिथले तपासनीस पून साहेब कर्तव्यदक्ष म्हणून प्रसिद्ध. ते गाडीखाली गेले, बॅटरीचा झोत इकडून तिकडे फिरला, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा दुःखी होता.

“याउ साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“काय झालं?”

“सायलेन्सर बनावट आहे.”

“बनावट? अहो, कारखान्याचा छाप बघा! सीलबंद खोक्यातून काढलाय!”

“छाप काय, कुणीही मारतो,” पून साहेब म्हणाले. “इथे लागल्यापासून मी या मॉडेलच्या गाड्या तपासतोय. सात गाड्या. सातही गाड्यांच्या मूळ सायलेन्सरला डाव्या कुशीत खळी असते, तिच्यावर हिरवा ठिपका असतो, आणि मागच्या कानाचं वेल्डिंग असं जरा... चावल्यासारखं असतं. जपानी लोक प्रत्येक नगावर तंतोतंत तशीच खळी पाडतात. किती बारकाईचं काम! नव्या मुलांना मी ती ओळखीची खूण म्हणून शिकवतो. तुमच्या या डब्यावर यातलं काही नाही.”

वाइ-लुनने मनात हिशेब केला. सातही खळ्या एकच आहेत हे सांगावे तर सात परवाने रद्द, आणि पून साहेबांचीही नोकरी गोत्यात. न सांगावे तर जगातला एकमेव कोरा, अस्सल सायलेन्सर बनावट. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीसारखे वागायचे ठरवले, म्हणजे धूर आतल्या आत फिरवला.

“साहेब,” तो म्हणाला, “खळीवाला आणला तर?”

“तर काय प्रश्नच नाही,” पून साहेब म्हणाले. “मी काय नियमांसाठी नियम लावणारा माणूस आहे का?”

गॅरेजमध्ये फान शिफूंनी हकिकत ऐकली आणि ते स्टुलावर बसले. “शेठ, मी जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या खळ्या काढत आलो. आता कोऱ्या मालावर पाडू?”

“तुम्हीच पाडली होती ना पहिली?”

“ती पडली होती. पाडणं वेगळं.” शिफूंनी हातोडा उचलला, सायलेन्सरकडे पाहिले, हातोडा खाली ठेवला. “आणि नेमकी कशी होती ती? कितपत खोल? लांबट की गोल? जरा चुकली तर तो पून म्हणेल ही दुसऱ्याच मॉडेलची खळी.”

म्हणजे आता मूळ खळी पाहणे आले. ती मंडळाच्या ताब्यात. हुई सरांनी सायलेन्सर न देण्याचा नियम केला होता, पण दाखवण्याबद्दल नियमच नव्हता, आणि नियम नसलेली गोष्ट त्यांना ज्या वेगाने अस्वस्थ करते त्या वेगाने त्यांनी तो केला. दोन विश्वस्तांच्या उपस्थितीत खळीचे दर्शन घेता येईल. मोजमाप, फोटो आणि रेखाटन यांना सक्त मनाई, कारण खळी ही मंडळाची बौद्धिक संपदा आहे.

“आधी ती नुसती खळी होती,” वाइ-लुन हताशपणे म्हणाला.

“आधी सगळंच काहीतरी वेगळं असतं,” हुई सर म्हणाले.

दर्शनाला सुक-हान बरोबर आली. लग्नघरातून आली म्हणून तिच्या हातात तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांचा डबा होता; घरी नातेवाईक जमल्याने सकाळपासून गोळे वळणे चालूच होते. मखमली कापडावर ठेवलेल्या सायलेन्सरपुढे ती उभी राहिली. विश्वस्त एकेक गोळा तोंडात टाकत होते, आणि ज्याने तांदळाच्या पिठाचा गोळा खाल्ला आहे त्याला माहीत असते की तो तोंडात असताना कुठलाही ठराव मांडता येत नाही.

“हीच का ती?” असे म्हणत सुक-हानने डब्याच्या तळाशी ठेवलेला मळलेल्या पिठाचा मुठीएवढा गोळा काढला आणि खळीत दाबून बसवला.

“अं... अं...” हुई सर म्हणाले.

“मोजमाप नाही, फोटो नाही, रेखाटन नाही,” सुक-हान म्हणाली. “पिठाबद्दल नियम आहे का, सर?”

हुई सरांनी गोळा गिळला, चष्मा पुसला आणि नियमांची पाने उलटली. पिठाबद्दल नियम नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते घशात अडकलेल्या गोळ्यामुळे असावे.

खळीतून अलगद काढलेला तो पिठाचा साचा फ्रीजमध्ये, लग्नातल्या मिठाईशेजारी, ‘खाऊ नये’ असे बजावून ठेवला गेला, आणि घट्ट झाल्यावर फान शिफूंनी त्याबरहुकूम डोळे मिटून एकच घाव घातला. खळी तंतोतंत पडली. हिरवा ठिपका फाटकाच्या उरलेल्या रंगाचा. कानाचे चांगले वेल्डिंग तोडून नवे वाईट वेल्डिंग करायला मात्र त्यांना फार जड गेले. त्यांनी ते शेवटी डाव्या हाताने केले.

पून साहेब गाडीखाली गेले आणि हसत बाहेर आले. “आता कशी मूळ वाटते!” त्यांनी शिक्का मारला. “फक्त एक सांगा, याला मासळीचा वास का येतो?”

“जपानी आहे ना,” वाइ-लुन म्हणाला.

पून साहेबांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी ते सातही गाड्यांना हुंगणार, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवे होते.

शिक्का मिळाला तो लग्नाच्या आदल्या दिवशी. सायलेन्सर काढून पाइप बसवायला सवड नव्हती. शिवाय माझा चौदा नंबरचा पाना ऐन वेळी सापडेना. सकाळी बॉनेटवर फुले आणि नवरा-नवरीच्या बाहुल्या बांधल्या गेल्या. टर्बोसाठी बॉनेटला जी हवेची खिडकी ठेवलेली असते, तिच्यावर नवरदेवाची बाहुली बसली आणि गरम हवेने तिचे केस उभे राहिले. यिक-फाइच्या आईने ते शुभ मानले. यिक-फाइला मागच्या सीटवर घागऱ्याच्या उरलेल्या भागाबरोबर बसवले. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि पुढे काही दिसत नव्हते. लग्नाची सुरुवात म्हणून वाईट नव्हते. होइ-लाम बापाशेजारी बसली. दार तिसऱ्या प्रयत्नात लागले.

गल्लीतल्या सगळ्या शेजाऱ्यांनी सवयीने कानांवर हात ठेवले. वाइ-लुनने किल्ली फिरवली. काहीच झाले नाही.

“बाबा, बंद पडली का हो?”

“चालू आहे.”

गाडी गल्लीतून निघाली. शेजारी कानांवर हात ठेवून तसेच उभे होते. बोगदा आला, बोगदा गेला. कुणी काच वर घेतली नाही.

“बाबा,” होइ-लाम म्हणाली, “लहानपणी मला शाळेत सोडायचात ना, तेव्हा वाटायचं, तुम्हाला गाडीत बोलायला आवडत नाही.”

“मी? मी सारखा बोलायचो!”

“काय बोलायचात?”

वाइ-लुन सिग्नलला थांबला. “हेच. डबा खा. पडू नकोस. मास्तरीणबाई ओरडल्या तर मला सांग.” मागून घागऱ्याखालून यिक-फाइ म्हणाला, “मला पण ऐकू येतंय.” सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता आणि मागची मिनिबस भोंगा वाजवत होती, पण वाइ-लुनला आज प्रथमच घाई नव्हती.

पाइप त्याने अजून बसवलेला नाही. म्हणजे शहरात आता दोन मूळ सायलेन्सर झाले. आम्हा उरलेल्यांना वाटले, आता खरी मुक्ती मिळाली. आम्ही त्याच्या दुकानात गेलो तेव्हा वाइ-लुनने सर्वांना चहा पाजला, विचारपूस केली, आणि म्हणाला, “द्यायला माझी काही हरकत नाही रे. फक्त याला काही पद्धत हवी.”

तुम्हाला हसू आले असेल. जरूर हसा. पण पाहुणे यायच्या आधी घरात जो खालचा आवाज लावला जातो, मुलाच्या शाळेतल्या मुलाखतीला शेजाऱ्याचा जो चांगला कोट जातो, साहेब फेरीवर आले की कचेरीत जी शांतता बसवली जाते, तिच्या डाव्या कुशीत कुठे खळी आहे का, तेवढे एकदा चाचपून पाहा. आणि ती आपल्याच मालकीची आहे ना, तेही.

माझी स्वतःची तपासणी जवळ आली आहे. मंडळ परवाना मागते, वाइ-लुन अर्ज मागतो, पून साहेबांना आता मासळीचा वास लागतो. त्याबद्दल मी कुणाकडे काही मागत नाही. पण लग्नाच्या गडबडीत माझा चौदा नंबरचा पाना ज्याने कुणी नेला असेल, त्याने तेवढा आणून द्यावा. अर्ज नको. दार बंद असेल तर पायपुसण्याखाली ठेवला तरी चालेल.